ऑस्करच्या पहाटेची न्याहारी : एरंडवण्यातील एका कॅफेच्या सेवेचे परीक्षण

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतील जेमतेम चाळीस खुर्च्यांच्या कॅफेने सोमवारी, ३ मार्च २०२५ रोजी, पहाटे पाचला दार उघडून ९७व्या ऑस्कर सोहळ्याचे थेट प्रक्षेपण आणि सोबत न्याहारी अशी सेवा दिली. माणशी ४५० रुपये आगाऊ भरायचे, त्यात एक न्याहारी, दोन वेळा चहा किंवा कॉफी आणि पावणेदहापर्यंत बसायला जागा, असा व्यवहार होता. कॅफेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी मालकीणबाईंना समक्ष सांगितल्या आहेत. तरीही हे सविस्तर लिहावेसे वाटले, ते अशासाठी की पुण्यातील इतर कॅफेचालकांच्या मनातही अशी पहाट भरवण्याचा विचार असेल, तर त्यात काय साधते आणि काय फसते, हे त्यांना आणि पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही कळावे.

अशा सेवेचे मोल कशावरून ठरवायचे, हे मात्र चटकन सांगता येत नाही. नुसता सोहळा पाहायचा असेल तर तो घरच्या दूरचित्रवाणीवर आणि जिओहॉटस्टारवर दिसणारच होता, आणि पोहे तर घरचेच चांगले. पण त्या पहाटे आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या लिफाफ्यातून निघणाऱ्या एका नावासाठी आली होती. ते नाव 'अनोरा' या चित्रपटाची नायिका मायकी मॅडिसन हिचे निघावे म्हणून त्यांनी आधीच्या मे महिन्यापासून प्रत्येक पुरस्काराचा पाठपुरावा केला होता. म्हणून मी या कॅफेला एकच कसोटी लावली. एका नावाची वाट पाहणाऱ्या माणसाला साडेतीन तास नीट बसता यावे, नीट ऐकता यावे, आपल्यासारख्याच चार वेड्यांशी बोलता यावे, आणि ते नाव उच्चारले जात असताना मध्ये कोणी येऊ नये. बाकी सजावट, लाल गालिचा, सोनेरी फुगे यांचे गुण मी धरलेले नाहीत.

'या मुलीचे चाहते पुण्यात कुठून आले हो?' असे शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थांनी मला विचारले. त्याचे उत्तर कॅफेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. २५ मे २०२४ रोजी कान महोत्सवाच्या समारोपाकडे पुण्यातील बरेच चित्रपटप्रेमी डोळे लावून बसले होते, ते याच रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्यासाठी. त्यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्राँ प्री हा महोत्सवातील दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला, आणि त्यात छाया कदम असल्यामुळे एरवी कानशी काही देणेघेणे नसलेल्या मराठी घरांतही त्या रात्रीची चर्चा झाली. त्याच मंचावर त्याच संध्याकाळी पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार शॉन बेकर यांच्या 'अनोरा'ला मिळाला. ब्रुकलिनमध्ये राहणारी एक नर्तकी, रशियन धनाढ्याचा लाडावलेला मुलगा, लास व्हेगासमध्ये घाईघाईने उरकलेले त्यांचे लग्न आणि ते मोडायला धावून आलेली माणसे, अशी ती गोष्ट आहे. आपल्या माणसांची बातमी शोधायला गेलेल्या अनेकांना ती भूमिका करणारी पंचविशीतली मुलगी अशी जाता जाता भेटली, आणि मग त्यांनी तिची पाठ सोडली नाही.

आमच्या टेबलावर कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांना सगळे नुसते 'काका' म्हणतात. त्यांच्याजवळ दोनशे पानी वही होती आणि तिच्यात पट्टीने आखलेले चार रकाने होते : तारीख, पुरस्कार, मते कोणाची, निकाल. निकाल शिसपेन्सिलीने लिहिलेला, कारण 'खोडायची वेळ येऊ शकते' असे त्यांचे म्हणणे. जाहीर झालेला निकाल खोडायची वेळ कशी येणार, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. त्या वहीवरून ऑस्करपूर्वीच्या पुरस्कारांच्या हंगामाचा जो आलेख दिसत होता, तो चाहत्यांच्या काळजाला बरा नव्हता. ५ जानेवारीच्या गोल्डन ग्लोबला 'अनोरा'ची पाच नामांकने होती आणि हाती एकही पुरस्कार आला नाही. संगीतप्रधान किंवा विनोदी चित्रपटांच्या विभागातील अभिनेत्रीचा पुरस्कार 'द सबस्टन्स'साठी डेमी मूर यांना गेला. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे लांबणीवर पडलेला समीक्षकांच्या क्रिटिक्स चॉइस पुरस्कारांचा सोहळा ७ फेब्रुवारीला झाला, तेथे सर्वोत्कृष्ट चित्रपट 'अनोरा' ठरला, पण अभिनेत्री पुन्हा डेमी मूरच. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांच्या आणि निर्मात्यांच्या अशा दोन्ही संघटनांनी 'अनोरा'ला कौल दिला. चित्रपट पुढे सरकत होता आणि नायिका मागे राहत होती, हे शल्य काकांनी त्या पानाच्या समासात तीन उद्गारचिन्हांनी नोंदवले होते.

मग १६ फेब्रुवारीचा बाफ्ता, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार सोहळा आला. पुण्यात तेव्हा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू होता, त्यामुळे दिवसभर रांगांत उभ्या राहिलेल्या मंडळींनी लंडनचा निकाल मध्यरात्रीनंतर भ्रमणध्वनीवर पाहिला. त्या रात्रीची गंमत अशी की जनतेच्या मतांवर ठरणाऱ्या उगवत्या ताऱ्याच्या पुरस्कारासाठी मायकीचे नाव होते आणि तो डेव्हिड जॉन्सन यांना मिळाला. आणि नंतर मुख्य अभिनेत्रीचा मोठा पुरस्कार तिलाच मिळाला. उगवण्याची परीक्षा हुकली आणि थेट मध्यान्हीची मिळाली, असे काकांचे भाष्य. २२ फेब्रुवारीला स्वतंत्र चित्रपटांसाठीचा स्पिरिट पुरस्कारही तिने घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी अभिनेत्यांच्या संघटनेचा सॅग पुरस्कार पुन्हा डेमी मूर यांच्याकडे गेला. वहीत तीन विरुद्ध दोन अशी स्थिती होती आणि बहुतेक जाणकारांचे पारडे मूर यांच्याकडे झुकलेले होते.

काकांनी मात्र 'मते कोणाची' हा रकाना उगीच आखलेला नव्हता. ऑस्करचे अंतिम मतदान ११ फेब्रुवारीला सुरू होऊन १८ला संपले. म्हणजे बाफ्ताचा निकाल लागला तेव्हा मतदान चालू होते आणि सॅगचा निकाल लागला तेव्हा पेट्या बंद झाल्या होत्या. सॅगच्या विजयाने एकही मत इकडचे तिकडे होणे शक्य नव्हते. शिवाय अभिनयाची नामांकने फक्त नटमंडळी ठरवत असली, तरी अंतिम फेरीत छायाचित्रकारांपासून संकलकांपर्यंत सगळे सदस्य मत देतात, आणि ज्यांनी चित्रपटाला डोक्यावर घेतले आहे ते नायिकेलाही देण्याचा संभव असतो. हा युक्तिवाद मला एखाद्या गंभीर विश्लेषकाकडूनही ऐकायला आवडला असता. तो सकाळी सहा वाजता, समोर गार होत चाललेला चहा ठेवून, पेन्सिलीच्या टोकाने तारखा दाखवत ऐकायला मिळाला, यासाठी ४५० रुपयांतले निदान दोनशे मी आनंदाने मोजेन. अशी माणसे एका टेबलावर आणून बसवणे हे कॅफेचेच काम होते आणि ते त्यांनी विचारपूर्वक केले होते : नाव नोंदवतानाच 'आपण कोणासाठी येत आहात?' असे विचारून त्याप्रमाणे जागा दिल्या होत्या.

भिंतीजवळचे मोठे टेबल डेमी मूर यांच्या बाजूचे होते. एके काळी अलका आणि राहुल चित्रपटगृहांत इंग्रजी चित्रपट पाहत मोठी झालेली ती पिढी. तिला या वयात मूर यांना मिळालेले यश आपलेच वाटत होते, आणि ते रास्तही होते. दोन टेबलांत टोमणे चालले, पण पातळी सोडून कोणी बोलले नाही. याच पुरस्काराचे नामांकन असलेल्या ब्राझीलच्या फर्नांडा टोरेस यांच्या बाजूचा एकच तरुण होता. त्याला मधले टेबल मिळाले आणि दोन्ही बाजूंकडून वाटाण्याच्या अक्षता.

आता मूळ सेवेकडे वळतो. प्रक्षेपणाच्या बाबतीत कॅफेने एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता. इंटरनेटवरून येणारे थेट चित्र वाहिनीवरील चित्राच्या काही सेकंद मागे असते, आणि तेवढ्या वेळात कोणाच्या तरी खिशातील भ्रमणध्वनी निकाल सांगून मोकळा होतो. क्रिकेटचा सामना पाहताना शेजारच्या इमारतीतून आधीच ओरडा ऐकू येतो, तसला हा प्रकार. म्हणून त्यांनी सेट-टॉप बॉक्सवरून स्टार मूव्हीज लावले होते आणि इंटरनेटवरील प्रक्षेपण अडीअडचणीला म्हणून संगणकावर तयार ठेवले होते. पडदा प्रोजेक्टरचा नसून भिंतीवर बसवलेला मोठा टीव्ही होता, त्यामुळे साडेसहानंतर खिडक्यांतून ऊन आले तरी चित्र फिके पडले नाही. आवाज छतातील चार लहान स्पीकरांतून सारखा पसरत होता. कोपऱ्यातही शब्द स्पष्ट कळत होते. जाहिराती लागल्या की आवाज कमी करण्यासाठी एक मुलगा रिमोट घेऊन उभाच होता, आणि त्याने एकदाही हयगय केली नाही. त्या मुलाला बक्षिसी द्यायला हवी होती; ती ठेवण्यासाठी गल्ल्यावर डबा नव्हता.

न्याहारीबाबत तेवढे चांगले लिहिता येत नाही. सूत्रसंचालक कोनन ओब्रायन यांनी सुरुवातीलाच भारतातील प्रेक्षकांना हिंदीतून नमस्कार केला आणि आमच्या नाश्त्याची विचारपूस केली, तेव्हा सगळा कॅफे हसला, कारण नेमक्या त्या वेळी कोणाच्याही पुढे ताटली नव्हती. न्याहारीच्या चिठ्ठ्या पाचलाच गोळा केल्या होत्या, तरी पहिले पोहे साडेसहाला आले आणि शेवटची ऑम्लेटे साडेसातला. स्वयंपाकघरात दोन माणसे आणि बाहेर चाळीस पाने, हे गणित आदल्या दिवशीच कळायला हवे होते. त्यातही निवडीसाठी पाच पदार्थ कशाला ठेवले, हे समजत नाही. पोहे आणि उपमा एवढेच ठेवले असते तर दोन पातेल्यांत काम झाले असते. पोह्यांवर ओले खोबरे आणि कोथिंबीर हात सैल सोडून घातलेली होती, पण पातेले झाकून ठेवल्यामुळे ते बसले होते आणि लिंबाची फोड मागावी लागली. साबुदाण्याची खिचडी मात्र उत्तम होती : दाणा दाणा सुटा, कूट भरपूर, मिरचीचा तिखटपणा जिभेवर उशिरा येणारा. फिल्टर कॉफी सातलाच संपली आणि त्यानंतर यंत्राची कॉफी 'वरचे पन्नास रुपये' घेऊन मिळेल असे सांगण्यात आले. आगाऊ पैसे घेतल्यावर असे सांगणे मला पटले नाही, आणि काकांनी तर चहाच पिणार असूनही त्यावर हरकत घेतली. दुसरी कॉफी शेवटी सर्वांना वरचे पैसे न घेता दिली, हे नमूद करणे भाग आहे.

बसण्याच्या सोयीविषयी थोडक्यात सांगायचे तर अर्ध्या खुर्च्यांना पाठ आहे आणि अर्धी उंच स्टुले आहेत. स्टुलावर तासभर कॉफी पिणे वेगळे आणि तीन तास चाळीस मिनिटे टांगून घेणे वेगळे. स्वच्छतागृह एकच, पण खरोखर स्वच्छ. दुचाक्या गल्लीत लावता येतात; पहाटे टेकडीवर निघालेल्या मंडळींनी दोनदा आत डोकावून 'काय, कोणाची मुंज आहे का?' अशी चौकशी केली.

माझी सर्वांत मोठी तक्रार निवेदकाविषयी आहे. कॅफेने बिनतारी माईक देऊन एक उत्साही तरुण उभा केला होता आणि जाहिरातींच्या वेळात प्रश्नमंजूषा ठेवली होती. कोणाचा पोशाख कोणत्या घराण्याचा, याच्यापलीकडे तिची मजल गेली नाही. मायकीचा पोशाख डिओरचा होता, हे समोर बसलेल्या साऱ्यांना ठाऊक होते. त्यावर चॉकलेट देण्यात काय हशील? मतदान कसे होते, कोणती संघटना कोणत्या पुरस्काराला मत देते, बेकर यांनी यापूर्वी काय केले, हे विचारले असते तर काकांसारख्या मंडळींना चेव चढला असता. निवेदकाला शांतता सोसत नाही, हे त्याहून वाईट. मूळ ध्वनिक्षेपण चालू असतानाही तो मध्येच टिप्पणी करी आणि पुढचे वाक्य हुकले की सगळे त्याच्याकडे रागाने पाहत. असल्या प्रसंगी माईक जितका कमी वापरावा तितका चांगला, आणि तो बंद करण्याची कळ मालकीणबाईंनी स्वतःकडे ठेवावी.

नऊच्या सुमाराची अर्धी घटका या सेवेची खरी परीक्षा होती, आणि येथे कॅफेने आधीचे बरेच हिशेब चुकते केले. सोमवार असल्यामुळे हिंजवडीकडे जाणाऱ्यांचे हाल चालले होते. एक मुलगी कानात यंत्र घालून, स्वतःचा आवाज बंद ठेवून कार्यालयाच्या बैठकीला 'हजर' होती आणि डोळे पडद्यावर होते. अशात एड्रियन ब्रॉडी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ बोलून ऑस्करच्या इतिहासातील सर्वांत लांब भाषणाचा विक्रम केला. वाद्यवृंद वाजू लागला तेव्हा त्यांनी तो थांबवायला सांगितले, आणि आमच्याकडे खांद्याला लॅपटॉपच्या पिशव्या अडकवून दारात उभ्या राहिलेल्या चौघांनी एकदम कपाळाला हात लावला. एरवी हे भाषण मी मन लावून ऐकले असते.

त्या सुमारास मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी तीन गोष्टी केल्या. स्वयंपाकघरातून काहीही बाहेर आणायचे नाही असे मुलांना बजावले, निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला, आणि सर्वांना भ्रमणध्वनी टेबलावर पालथे ठेवण्याची विनंती केली. शॉन बेकर यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या आवरत्या होत्या. मग आदल्या वर्षीच्या विजेत्या एमा स्टोन लिफाफा घेऊन आल्या. पाचही नावे वाचून झाली. काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती आणि पेन्सिल दातांत धरली होती. मायकी मॅडिसनचे नाव उच्चारले गेले, तेव्हा आमच्या टेबलावरून निघालेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण सोसायटीचा पहारेकरी धावत आत आला. बैठकीला हजर असलेली मुलगी ओरडली आणि मग घाबरून आपला आवाज बंदच आहे ना, हे तिने पाहून घेतले. भिंतीजवळच्या टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर तेथील ज्येष्ठ बाई म्हणाल्या, 'जाऊ दे गं, वाईट वाटतंच. पण पोर गुणी आहे.'

मायकी कागदावरून वाचत बोलू लागली. लॉस एंजेलिसमध्येच वाढूनही हॉलिवूड आपल्याला फार दूरचे वाटत असे, हे ती सांगत होती तेवढ्यात आमचा निवेदक माईक नसतानाही मोठ्याने अभिनंदन करू लागला. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी वळून म्हणाली, 'दादा, एक मिनिट. तिला बोलू द्या की.' तो गप्प झाला म्हणून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांविषयी मायकीने व्यक्त केलेली कृतज्ञता सर्वांना ऐकायला मिळाली. ही भूमिका त्या स्त्रियांच्या जगातली असल्यामुळे बाफ्तालाही तिने त्यांची आठवण काढली होती, आणि तिच्या चाहत्यांना तिच्याविषयी जे वाटते त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे. पोशाखावर चार प्रश्न विचारणाऱ्या प्रश्नमंजूषेत याचा मागमूस नसावा, याचा मला राग आला तो इथे.

त्याच दिवशी नंतर कळले की अमेरिकेत हुलू या सेवेवर सोहळा पाहणाऱ्या अनेकांचे प्रक्षेपण नेमके याच पुरस्काराच्या आधी बंद पडले होते. साता समुद्रांपलीकडच्या एका गल्लीत मात्र सेट-टॉप बॉक्स, पर्यायी जोडणी आणि रिमोट धरून उभा असलेला एक मुलगा एवढ्यावर ते नाव वेळेवर ऐकता आले. कसोटी मी लावली होती ती याच प्रसंगाची, आणि तिच्यात कॅफे पुरेपूर उतरला. काही मिनिटांनी 'अनोरा'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि बेकर यांनी एकाच चित्रपटासाठी एका रात्रीत चार ऑस्कर घेतले, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. सोहळ्यातला सर्वांत मोठा पुरस्कार पाहायला न थांबता माणसे निघून जात असतील, तर ती कशासाठी आली होती हे आयोजकांनी ओळखावे आणि पुढच्या वेळी कार्यक्रमाची आखणी त्याभोवती करावी. पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे गल्ल्यापाशी रांग लागली नाही आणि हिंजवडीकर पाच मिनिटांत बाहेर पडले, ही सोय लहान असली तरी फार उपयोगी होती.

४५० रुपये या न्याहारीला जास्त आहेत आणि या पहाटेला नाहीत. नुसता सोहळा पाहायचा असलेल्यांनी घरीच पाहावा. हंगामभर एखाद्या अभिनेत्रीमागे जीव टाकलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात त्या वेळी त्यांचे ऐकायला कोणी जागे नसते त्यांनी इथे यावे. मालकीणबाईंनी पुढच्या वेळी न्याहारीचे दोनच पदार्थ ठेवण्याचे आणि प्रश्नमंजूषा काकांकडे सोपवण्याचे मान्य केले. काकांनी होकार देताना प्रश्न आपण वहीतूनच विचारणार, अशी अट घातली. नावनोंदणी नामांकने जाहीर झाल्यावर व्हॉट्सॲपवर होते, भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पण जागा दुसऱ्याच्या नावावर करून देतात. पाठ असलेल्या खुर्च्या आधी नोंदवणाऱ्यांना मिळतात आणि मागाहून येणाऱ्यांच्या वाट्याला स्टुले.